सरकारी कामाचा माल इथूनच घेतो, पण हमालीचं आधी ठरवून घ्या (४ स्टार)

सिमेंट-लोह्याच्या या दुकानाचं नाव वर आहेच, परत लिहीत नाही. चार स्टार देऊन राहिलो, पाचवा काऊन नाही ते खाली येईलच.

आधी सांगतो की मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून रजिस्ट्रेशन केलेला छोटा ठेकेदार आहे, नागपूर जिल्ह्यात झेडपी शाळेच्या खोल्या, गावातल्या नाल्या, कंपाउंड वॉल असली कामं करतो. त्यामुळे ज्याला घराच्या बाथरूमसाठी नळ पाहिजे त्यानं हा रिव्ह्यू सोडून दिला तरी चालेल, नळाचा सेक्शन मी कधी पाह्यलाच नाही. मी घेतो सिमेंट, लोहा, बाइंडिंग तार आणि बिल. हो, बिल पण मी मालातच धरतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा वर्क ऑर्डरची झेरॉक्स काउंटरवर ठेवली आणि ऐटीत म्हटलं, सरकारी काम आहे, टॅक्स न लावता बिल बनवा. आता हे डोक्यात कुठून आलं तर माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये बांधकाम कंपनीत आहे, तो फोनवर सांगत होता की तिकडे सरकारी शाळेचं काम असलं की शाळेवाले एक सर्टिफिकेट देतात, ते दुकानात दाखवलं की त्या इमारतीत लागणाऱ्या मालावर सेल्स टॅक्स लागतच नाही. (प्रत्येक राज्यात असं नाही म्हणे, कॅलिफोर्नियात ठेकेदाराला सरकारी कामालाही टॅक्स भरूनच माल घ्यावा लागतो.) आणि इकडे आमच्यातले जुने ठेकेदार अजूनही "फॉर्म दे ना बे" करत असतात, त्यांच्या डोक्यात सी फॉर्म बसलेला आहे, बाहेरच्या राज्यातून माल आणला की २ टक्क्यात भागायचं तो. ती सवलत होती, माफी नाही, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तशी आमच्या मालासाठी तीही गेली.

मुनीमजींनी चष्मा वर केला, झेरॉक्स वाचली, उलटी करून मागे पाह्यलं, मागे कोरीच होती. मग म्हणाले, "भाऊ, याच्यात माफी कुठे लिहिली आहे ते दाखवा मले."

मी गप्प.

मग त्यांनी सिमेंटच्या डायरीच्या मागच्या पानावर पेनानं मांडून दाखवलं, आणि खरं सांगतो, माझ्या आधीच्या टॅक्सवाल्यानं दोन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते दहा मिनिटात कळलं. मालाला माफी नाही, शाळा असो की मंत्रालय. तुम्ही टॅक्स भरून माल घ्या, तो टॅक्स तुमच्या खात्यात क्रेडिट म्हणून बसतो, आणि तुम्ही ऑफिसला बिल लावता त्यावरच्या जीएसटीतून तो वजा होतो. समजा १० लाखाचं काम, त्यावर १८ टक्के म्हणजे १,८०,००० टॅक्स. १८ टक्केवाला माल घेतला ५ लाखाचा, त्यावर ९०,००० आधीच भरले. राहिले ९०,०००. त्यातही ऑफिसनं बिल देताना २ टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे तुमच्या नावानं आधीच टॅक्स, कापला असतो (अडीच लाखाच्या वरच्या ठेक्याला), ते २०,००० तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यात येतात. मग खिशातून भरायचे ७०,०००. "पण हे सगळं कवा," मुनीमजी म्हणाले, "तर आमी आमचं रिटर्न टायमावर भरलं तर."

या दुकानाची सगळी किंमत या एका वाक्यात आहे. कारण २०२२ पासून नियमच असा आहे की दुकानदारानं तुमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते तुमच्या टू-बी मध्ये (पोर्टलवर दर महिन्याला बनणारा आपल्या क्रेडिटचा तक्ता) दिसलं तरच क्रेडिट. हे मी पैसे घालून शिकलेलो आहे. इथं येण्याच्या आधी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून ३ टन लोहा घेतला होता, टनामागे ७०० रुपये स्वस्त, २,१०० वाचले म्हणून घरी येताना पोरांसाठी अर्धा किलो संत्रा बर्फीही घेतली. त्यानं रिटर्नच भरलं नाही, फोन केला की "या महिन्यात टाकतो भाऊ", असं करता करता त्याचा जीएसटी नंबरच रद्द झाला. १,५६,००० च्या बिलावरचे २८,०८० रुपये गेले. बर्फी धरली नाही यात.

इथं मात्र दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी उघडतो तेव्हा सगळी बिलं दिसतात. तीन वर्षांत एकदा एक बिल दुसऱ्याच जीएसटी नंबरवर चढलं होतं, सांगितलं तर पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त करून दिलं, वाद नाही. बिलावर साइटचं गाव लिहून देतात, धरमकाट्याची पावती बिलाला टाचून देतात, आणि एक लाखाच्या वर माल असला की ई-वे बिल (माल गाडीतून नेण्याचा ऑनलाइन कागद) गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरच्या मोबाइलवर. ज्युनियर इंजिनियर साहेबांनी एकदा मालाची बिलं मागितली होती तर मी फाइल तशीच पुढे ठेवली.

लोह्याचं वजन बरोबर. मी पहिल्या दोन वेळा १० एमएमच्या सळाखी तोलून पाह्यल्या, १२ मीटरची एक सळाख ७.४ किलोच्या आसपास यायला पाहिजे, तशीच आली, थोडं इकडे तिकडे. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते मी उतरवून घ्यायच्या आधी पाहतोच, एकदा दोन महिने जुना माल निघाला, बदलून दिला पण तोंड वाकडं करून. तुम्हीही पाहत जा, पावसाळ्यात तर नक्की.

काउंटरवर बसलं की फुकटात शिकायलाही मिळते. एक दिवस एक काका घरकुलाचा कागद घेऊन आले, आवास योजनेत सगळं जीएसटी माफ आहे असं त्यांना गावात कोणीतरी सांगितलं. मुनीमजी म्हणाले, काका, तुमी मिस्त्रीला नुसत्या मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीला माफी आहे, सिमेंटला नाही. काका म्हणे मिस्त्री तर तसाही बिल देत नाही. मग काय बोलणार, सगळे हसले, चहा आला. ग्रामपंचायतीच्या कामातही तसंच, नुसती सेवा असली, म्हणजे नालीसफाई वगैरे, तर माफ, आणि त्यात माल एकूण किमतीच्या २५ टक्क्याच्या आत असला तरी माफ, पण नाली बांधायची म्हटली की माल २५ टक्क्यात बसते कुठे.

सिमेंट २८ वरून १८ झालं, २२ सप्टेंबर २०२५ ला, तेव्हा गोडाऊनमध्ये जुना स्टॉक होता तरी यांनी त्या दिवसापासून १८ नेच बिल काढलं, हे चांगलं वाटलं. घर बांधणाऱ्यांची तर रांग लागली होती, त्यांना क्रेडिट मिळत नाही ना, त्यांचे खरोखर वाचले. मला काय, आधी २८ भरायचो २८ वजा व्हायचे, आता १८ भरतो १८ वजा होतात. फक्त आपला पैसा कमी अडकतो, आणि ऑफिसचं बिल निघायला जो वेळ लागते तो पाहता ते पण कमी नाही. पहिले तर लय त्रास होता, जुलै २०२२ पर्यंत आमच्या कामाला १२ टक्के आणि सिमेंटला २८, क्रेडिट लेजरमध्ये तुंबून राहायचं नुसतं.

उधारीबद्दल. देतात, पण मुनीमजी पाच महिने झाले की फोन करतात. "भाऊ, १८० दिवसाच्या आत पैसे टाका, नाहीतर तुमचंच क्रेडिट उलटं फिरते, वरून व्याज." नियम खराच आहे, दुकानदाराला सहा महिन्यात पैसे दिले नाही तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागते, पैसे दिले की मग पुन्हा मिळते. पण वसुलीचा असा कायदेशीर प्रकार मी दुसरीकडे नाही पाह्यला. ऑफिसचं बिल अडकलेलं असते, मुनीमजीला ते माहीत असते, तरी फोन येतेच, आणि तुम्ही उलट बोलू शकत नाही कारण माणूस तुमच्याच भल्याचं बोलून राहिला.

आता पाचवा स्टार. हमाली. रेट सांगताना हमालीचा उल्लेख नाही, साइटवर गाडी पोचली की हमाल पोत्यामागे वेगळे मागतात आणि त्याचं बिल नाही. रोडपासून आत असलेल्या साइटला तर विचारूच नका, मागच्या महिन्यात ८० पोते रस्त्यावर उतरवून निघून गेले, आभाळ भरून आलेलं, मी आणि चौकीदारानं शाळेच्या व्हरांड्यात नेले, पोरं डबा खात होती ती पण दोघं-तिघं आली मदतीला, गुरुजी ओरडले मग. फोनवर सांगितलं तर मालक म्हणे हमाल आमचे नाहीत, गाडीवाल्याचे आहेत. असं कसं चालेल.

पार्किंग नाही, बाइकनंच जा. रविवारी बंद. रेती-गिट्टी यांच्याकडे विचारू नका, ती रॉयल्टी पाससकट दुसरीकडून घ्यावी लागते. जीएसटी नंबर लिहून न्या, तोंडी सांगू नका, मुनीमजी एका कानानं कमी ऐकतात.