पाळणाघराचे अकरा महिने: नळ कुठे आहे ते आधी बघा

वेळा, एका ताईकडे किती मुलं, कॅमेरे आहेत का, हे सगळे पालक विचारतातच, त्यात शिरत नाही. मुलगा तेरा महिन्यांचा असताना पाळणाघरात जायला लागला, आता दोन वर्षांचा झालाय. पुढच्या वर्षाचा फॉर्म समोर आहे, आणि तो भरताना दोन महिन्यांपूर्वीची एक रात्र डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी खेळत घरी आला आणि रात्री दहाला पहिली उलटी. पहाटेपर्यंत सात. चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजत, लघवी झाली का बघत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मी आडवी, तिसऱ्या दिवशी नवरा. पाळणाघरात मुलाच्या खोलीतल्या बारा मुलांपैकी नऊ मुलं आणि दोन ताई दोन दिवसांत आजारी पडल्या. डॉक्टर म्हणाले, तपासणीशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण अख्खी खोली इतक्या झपाट्याने झोपते तेव्हा संशय नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूवरच जातो. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू. रोटाव्हायरसची लस दिलेली होती, पण ती याला लागू पडत नाही.

बरी झाल्यावर मी पाळणाघरात जाऊन डायपर बदलायच्या टेबलापाशी उभी राहिले. अकरा महिन्यांतली माझी खरी तक्रार ही एकच. टेबलाशेजारी नळ नव्हता. भिंतीवर सॅनिटायझरची बाटली होती. सगळ्यात जवळचा नळ खोलीबाहेर, स्वयंपाकघरातल्या सिंकवर. पावलं मोजली, एकोणीस. एका मुलाला शी झालेली, दुसरं रडतंय, तिसरं टेबलाखाली शिरतंय, अशा वेळी कुठलीही ताई एकोणीस पावलं जाणार नाही. गेलीच तर शीचे हात जेवणाची भांडी घासतात त्या सिंकमध्ये धुणार. दोन्ही वाईटच.

व्यवस्थापक बाईंचं म्हणणं, सॅनिटायझर चांगल्या दर्जाचा आहे, दर मुलानंतर वापरतो. वापरत होत्या, मी पाहिलंय. पण अल्कोहोल मारा करतो तो विषाणूच्या बाहेरच्या स्निग्ध आवरणावर. फ्लू आणि आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत कफ करणारा विषाणू) यांना ते आवरण असतं. नोरोव्हायरसला नसतंच, हात-पाय-तोंडाच्या आजाराच्या (हातापायांवर पुरळ, तोंडात फोड) विषाणूंनाही नसतं. तिथे साबण लावून चोळायचं आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं, वीसेक सेकंद. साबण विषाणूला मारतो असं नाही, त्वचेवरून सुटा करतो, पाणी वाहून नेतं. नोरोव्हायरसचे शंभरपेक्षा कमी कण पोटात गेले तरी पुरतात, आणि बरं झालेलं मूल पुढे दोन आठवडे किंवा जास्तही शीतून ते बाहेर टाकत असतं.

बाईंचं दुसरं उत्तर, पालकच आजारी मुलं पाठवतात. पहिले पाच महिने माझंही हेच मत होतं. सात सर्द्या, दोनदा कान, एकदा डोळे आले, दर वेळी मी कुठल्या तरी आईला मनातल्या मनात दोष दिला. मग एका सकाळी रजा शिल्लक नव्हती म्हणून मीच त्याला पॅरासिटामॉल देऊन सोडून आले. दुपारी फोन आला, अंग तापलंय. त्या दिवशी त्याच्या शेजारी झोपलेल्या मुलांची मला आजही लाज वाटते. औषधाशिवाय २४ तास ताप नसावा, उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झालेले असावेत, हा नियम मी आता पाळते.

पण एवढ्याने भागत नाही, हे हात-पाय-तोंडाच्या आजारात कळलं. पुरळ गेल्यावर डॉक्टरांनी पाठवायला सांगितलं. विषाणू शीतून कित्येक आठवडे जात राहतो, तितके दिवस कोण घरी ठेवणार? (महिनाभराने त्याच्या दोन बोटांची नखं सुटली. मी घाबरले होते. या आजारानंतर असं होतं, नखं आपोआप परत येतात.) म्हणजे धडधाकट दिसणारं मूलही विषाणू घेऊन येणारच. अडवायची जागा दार नाही, टेबल आहे.

सर्द्यांबद्दल मात्र माझी चिडचिड कमी झाली. अमेरिकेत टूसॉनला मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा अभ्यास झाला, त्यातले सर्दीबद्दलचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्द्या जास्त झाल्या, पण सहा ते अकरा वर्षांच्या वयात इतरांपेक्षा कमी. तेराव्या वर्षापर्यंत फरक मिटला. तेव्हा शेंबडासाठी मी आता कोणाशी भांडत नाही. उलट्या-जुलाबांना मात्र हा हिशेब लावू नका.

शेवटी बाई वळल्या त्या एका ताईमुळे. ती गरोदर आहे. लहान मुलं वरून ठणठणीत असली तरी त्यांच्या लघवीत आणि लाळेत सायटोमेगॅलोव्हायरस कित्येक महिने असू शकतो, आणि गरोदरपणी आईला लागण झाली तर बाळाच्या कानांवर परिणाम होऊ शकतो. मी हे सांगितलं तेव्हा ती ताई तिथेच उभी होती. तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी टेबलाशेजारी तोटीची टाकी, खाली बादली आणि साबण आला. खेळणी आणि टेबल आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसतात, कारण घाण राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्च होतो. परवा मी अर्धा तास बसून पाहिलं, चार डायपर बदलले गेले, चारही वेळा हात धुतले गेले.

फॉर्म भरतेय. ताया मायेने सांभाळतात, मुलगा सकाळी पळत आत जातो. आजारपणात घरी राहिलेल्या एकतीस दिवसांची पूर्ण फी घेतली, ते मला पटलेलं नाही. निदान ती खोली बंद होती त्या तीन दिवसांचे पैसे परत मागितलेत, लेखी.