पातळ, सरसरीत, आसट : जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कार्यालयात येणारा डबा

शस्त्रक्रियेनंतर तेविसाव्या दिवशी मी बँकेत रुजू झाले आणि तो दिवस मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला होता. बँकेतल्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच, की कर्ज विभागातल्या कर्मचाऱ्याने मार्चअखेरीला रजा वाढवून मागण्यापेक्षा सुजलेल्या तोंडाने टेबलावर येऊन बसणे सोपे असते. बसून करायच्या कामाला डॉक्टरांची परवानगी होती, वेदनाशामक गोळ्या जवळजवळ बंद झाल्या होत्या आणि रुजू होण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र हाती होते. अडत होते ते दुपारच्या जेवणापाशी. घरी आई दर दोन तासांनी काही ना काही शिजवून, वाटून, गाळून पुढे ठेवत असे. शाखेत मात्र अर्ध्या तासाची सुटी, एक पाणी तापवायची किटली आणि चौदा जणांचे उघडलेले डबे एवढेच होते. पुण्यातल्या ज्या घरगुती डबा सेवेने पुढचे पाच आठवडे माझी ही अडचण निभावली, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

सेवेचे नाव लिहीत नाही. वारज्याजवळ एक काकू आणि त्यांची सून मिळून ती चालवतात, दिवसाला वीसपेक्षा जास्त डबे त्या घेत नाहीत आणि ‘नाव छापू नकोस, फोन उचलायला माणूस नाही’ असे त्यांनी मला बजावले आहे. काही वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाचा जबडा दुचाकीच्या अपघातात मोडला होता. तेव्हा दीड महिना त्याला पातळ अन्नावर जगवताना जे शिकावे लागले, त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्याकडे पथ्याचे इतरही डबे असतात, पण ज्यांना चावता येत नाही अशांसाठीचा डबा ही त्यांची खरी ओळख आहे. अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक डब्याच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, हेही नोंदवून ठेवते.

या डब्याचे मोल कळण्यासाठी शस्त्रक्रियेत काय होते, ते थोडे सांगावे लागेल. माझे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नव्हते, म्हणून दीड वर्ष दातांना तारा लावल्यानंतर दोन्ही जबडे कापून नव्या जागी बसवण्यात आले. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा फाकवून मागेपुढे सरकवण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती ट्राउनर आणि ओबवेगेसर या शल्यचिकित्सकांनी १९५७ साली मांडली. पूर्वी हाड जुळेपर्यंत सहा आठवडे दोन्ही जबडे तारेने एकत्र बांधून ठेवत; आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू हाड धरून ठेवतात, त्यामुळे तोंड थोडे उघडता येते आणि माझ्यासारखी माणसे चौथ्या आठवड्यात कामावर जाऊ शकतात. हाड मात्र आपल्याच गतीने जुळते, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर चावण्याचा जोर त्यावर पडता कामा नये. शिवाय खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवणारी नस याच हाडातून जाते. ती दुखावली की ओठ बधिर होतो आणि ती जाण परत यायला कित्येक महिने लागू शकतात. माझा खालचा ओठ रुजू होण्याच्या दिवशी पूर्ण बधिर होता. चहा ओठावरून ओघळून फायलीवर पडला, की मग मला समजत असे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, हे व्याकरणात शिकले होते. ‘पासबुक’ हा शब्द बँकेत किती वेळा उच्चारावा लागतो, हे त्या आठवड्यात शिकले.

डबा ठरवताना काकू पहिला प्रश्न विचारतात तो शस्त्रक्रियेला किती दिवस झाले हा, आणि दुसरा डॉक्टरांनी काय लिहून दिले आहे हा. कागदाचे छायाचित्र पाठवल्याशिवाय त्या डबा सुरू करत नाहीत. पदार्थांची यादी त्यांच्याकडे आहे, पण मागणी मात्र दाटपणावरून नोंदवली जाते : पातळ, सरसरीत आणि आसट. पातळ म्हणजे गाळणीतून दोनदा गाळलेले आणि पेल्याने पिता येईल असे. सरसरीत म्हणजे चमच्यावरून धार न तुटता ओघळेल असे. आसट म्हणजे जिभेने टाळूवर दाबले की विरघळेल असा गुरगुट्या भात किंवा मुगाची खिचडी. स्वयंपाकघरातले हे तीन जुने शब्द मला रुग्णालयाच्या छापील आहारपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडले, कारण ‘मऊ आहार’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा लागतो. माझ्या मावशीच्या लेखी त्यात पोहे बसतात.

डब्यात तोंडाला रुंद असलेले दोन स्टीलचे थर्मास येतात, प्रत्येकी साधारण ३५० मिलिलिटरचे. एकात गरम पदार्थ, दुसऱ्यात थंड किंवा साध्या तापमानाचा. पहिल्या दिवशी मी थर्मासच्या झाकणातून कढण प्यायला गेले आणि निम्मे कढण हनुवटीवरून रुमालात गेले. नळीने ओढून प्यायला डॉक्टरांची मनाई होती आणि घरी वापरायची ती नळी जोडलेली पिचकारी सहकाऱ्यांसमोर काढण्याचा धीर मला होत नव्हता. संध्याकाळी फोनवर हे सांगितले, तेव्हा काकू क्षणभर थांबून म्हणाल्या, “अगं, बोंडलं वापर की.” दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर तान्ह्या मुलांना दूध पाजायचे स्टीलचे बोंडले आले. त्याची चोच बधिर ओठ ओलांडून थेट जिभेवर टेकते, आणि भांडे किती कलते करायचे ते आपल्या हातात राहते. शाखेतल्या शिपाईमामांनी ते पाहून ‘मॅडम, बाळ कुठंय?’ असे विचारले, तेव्हा हसण्याची सोय नसल्यामुळे मी नुसते डोळे मिटले. या संपूर्ण सेवेत मला सर्वात शहाणपणाची वाटलेली वस्तू तीच. शस्त्रक्रिया होणार असलेल्या कोणालाही मी सांगेन की ही डबा सेवा मिळो न मिळो, घरातल्या जुन्या भांड्यांतून बोंडले आधी शोधून ठेवा.

पदार्थांमध्ये मुगाचे कढण पहिल्या क्रमांकाचे. मूग भाजून, शिजवून, घोटून, गाळून घेतलेले, वरून तूप आणि जिऱ्याची बारीक पूड. नाचणीच्या सत्त्वाची आंबील ताकात केलेली असल्याने पोटाला हलकी वाटे आणि सत्त्व मुळातच गाळून केलेले असल्याने तारांमध्ये कोंडा अडकत नसे. लाल भोपळ्याचे सूप बरे होते, दुधीचे मला बेचव वाटले. कोकणातल्या पद्धतीचे कुळथाचे कळण मला फार आवडले, पण ते महिन्यातून दोनदाच मिळाले. बुधवारी मांसाहारी डबा असतो आणि त्यात येणाऱ्या कोल्हापुरी पांढऱ्या रश्शाबद्दल मात्र मला विस्ताराने लिहिले पाहिजे. मटणाचा अर्क, नारळाचे दूध, वाटलेले तीळ आणि खसखस यांचा तो रस्सा मुळातच वाटीने प्यायचा पदार्थ आहे; चावता न येणाऱ्या माणसासाठी त्यात काहीच बदलावे लागत नाही. वेळोवेळी वाटून गाळलेल्या बाकीच्या अन्नात आपण काहीतरी गमावले आहे, ही जाणीव प्रत्येक घोटाला होत असे. पांढरा रस्सा पिताना ती झाली नाही, आणि तीन आठवड्यांत प्रथमच मी आजाऱ्याचे अन्न न खाता जेवण जेवले असे वाटले. काकूंनी त्यातली मिरी आणि लवंग निम्म्याने कमी केली होती, कारण तोंडातल्या टाक्यांना तिखट सोसत नाही. पाडव्याला श्रीखंड दुधात फेटून सरसरीत करून पाठवले होते, चारोळीशिवाय, वेलदोड्याची पूड कापडातून चाळून. असे सांभाळणे पैशांनी विकत मिळत नाही, तरी मी ते या परीक्षणात गुण म्हणून नोंदवते.

हळदीबद्दल एक इशारा. वरच्या आणि खालच्या तारांना जोडणारी छोटी रबरे पहिल्याच वरणानंतर केशरी पिवळी झाली. डॉक्टरांच्या परवानगीने जेवताना ती काढून ठेवू लागले, तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला. तारांवरच्या बारीक रबरी कड्या मात्र पुढच्या तपासणीपर्यंत पिवळ्याच राहिल्या.

आता तक्रारी. पहिली फोडणीची. ‘फोडणी नको’ असे लिहून दिले असतानाही पहिल्या आठवड्यात दोनदा वरणात मोहरी आली. साध्या माणसाला मोहरीचा दाणा हा दाणाही वाटत नाही. ज्याच्या तोंडात तारा, रबरे अडकवायचे आकडे आणि हिरडीवर न विरघळलेले टाके आहेत, त्याला तो दुपारभर पुरतो. विचारल्यावर सुनेने प्रांजळपणे सांगितले की वरणाला फोडणी देताना हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो. त्यानंतर ती चूक झाली नाही. दुसरी तक्रार शेवग्याच्या शेंगांच्या सुपाची. शेंगेचा गर काढून घोटला, तरी त्यातला धागा गाळणीतून निसटतोच आणि असा एक धागा मागच्या दाढेजवळच्या आकड्याला गुंडाळून बसला. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असताना तो काढायला शाखेच्या न्हाणीघरात मला वीस मिनिटे लागली. हे सूप या वर्गाच्या रुग्णांच्या यादीत असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की माझी चूक, याचा निर्णय मी अजून करू शकलेले नाही. थर्मास उत्तम प्रतीचे आहेत, म्हणजे साडेअकराला भरलेले कढण दोन वाजताही वाफाळते. दुसऱ्या आठवड्यात घाईत मी ते तसेच ओतले आणि बोंडल्याची तापलेली चोच ओठावर टेकवून प्याले. जिभेला चटका बसला म्हणून थांबले. ओठाला काहीच कळले नाही. आरशात पाहिले, तेव्हा ओठावर फोड आला होता. मी काकूंना अन्न कोमट करून भरायला सांगितले आणि त्यांनी ठाम नकार दिला. एप्रिलच्या उन्हात कोमट अन्न तीन तास बंद राहिले तर नासते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मग बधिर ओठाच्या माणसाला आधीच सावध करणे हे त्यांचे काम होते. आता त्या डब्याच्या चिठ्ठीवर ‘अर्धा तास आधी उघडावे, मनगटावर थेंब टाकून पाहावा’ असे लिहितात. मी दीड वाजता टेबलावरच झाकण सैल करून ठेवू लागले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी कढणाच्या वासाने जेवणाची वेळ ओळखू लागले.

पोट भरण्याच्या दृष्टीने हा डबा मध्यम आहे. शस्त्रक्रियेनंतर माझे वजन साडेपाच किलोने उतरले होते, आणि गाळलेल्या अन्नात पाणीच जास्त असल्याने सातशे मिलिलिटर पिऊनही चार वाजता भूक लागत असे. मागणी केल्यावर काकूंनी कढणात पनीर घोटून घालायला आणि तूप वाढवायला सुरुवात केली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही ड्रॉवरमध्ये दुधाची आणि प्रथिनांच्या पुडीची सोय मला ठेवावी लागली, आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्याने ती ठेवावीच. हेही लक्षात घ्यावे लागते की अर्ध्या तासातली सगळी मिनिटे जेवणाची नसतात : रबरे काढायला तीन मिनिटे, प्यायला बारा, लहान मुलांच्या ब्रशने दात घासून औषधी पाण्याने चूळ भरायला दहा, आणि आरशासमोर रबरे पुन्हा अडकवायला उरलेली पाच. डबा वेळेवर आला नाही, तर यातले काहीच जमत नाही. माझ्या पाच आठवड्यांत तो एकदाच उशिरा आला, आणि नेमका ३१ मार्चला. त्या रात्री आम्ही साडेनऊपर्यंत शाखेत होतो. संध्याकाळचा डबा ही सेवा देत नाही, त्यामुळे मी रात्रीचे जेवण म्हणून दोन पेले दूध प्याले.

शनिवारी सेवा बंद असते. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवारच सुटीचा असल्याने उरलेल्या शनिवारी आईला पहाटे उठावे लागले.

एका डब्याचे १६० रुपये आणि पोचवण्याचे २० रुपये, म्हणजे आमच्या शाखेत येणाऱ्या साध्या पोळीभाजीच्या डब्याच्या जवळजवळ दीडपट. दोनदा गाळण्याचे श्रम पाहता मला ते महाग वाटले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र हा डबा लावू नये. त्या काळात थोडे थोडे, वारंवार आणि जवळच्या माणसाच्या हातचे घ्यावे लागते, आणि एकदा येणाऱ्या डब्याने ते साधत नाही. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यासाठी, विशेषतः ज्यांना लोकांशी बोलण्याचे काम आहे त्यांच्यासाठी, मी तो निःसंकोच सुचवेन.

सातव्या आठवड्यात मी आसट खिचडीवर आले आणि आठव्यात डॉक्टरांनी वरणात कुस्करलेल्या पोळीला परवानगी दिली, तेव्हा डबा बंद केला. दोन्ही थर्मास आणि बोंडले यांच्यापोटी ठेवलेली ५०० रुपयांची अनामत परत मिळते. मला ४६० मिळाले, कारण एका झाकणाची रबरी कडी माझ्याकडून बँकेच्या बेसिनमध्ये वाहून गेली होती.