न्यूयॉर्कची महिला परिषद: जाताना हजेरीपट सोबत ठेवा

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाच्या ६९व्या अधिवेशनाला जाऊन आले. १९९५च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेला तीस वर्षं झाली म्हणून त्या वर्षीची चर्चा तिथं ठरलेल्या आराखड्यावर होती. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यकर्त्या "जावं का?" विचारतात, म्हणून लिहिते.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. मुख्यालयाचा पास संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेल्या संस्थांमार्फतच मिळतो. आमच्याकडे ती मान्यता नाही, एका मोठ्या संस्थेनं आपल्या यादीत माझं नाव घातलं. आत मंत्र्यांची भाषणं सहा भाषांत ऐकता येतात. माझं इंग्रजी कामापुरतं, दुपारपर्यंत डोकं जड झालं. पण तिथं बसल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता आठवल्या. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' होतं, त्यातून 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघाला असता. बाईंनी आग्रह धरून 'सर्व मानव' करून घेतलं. ऊर भरून आला.

तरी माझ्यासाठी खरी परिषद रस्त्यापलीकडे होती. फर्स्ट अव्हेन्यू आणि ४४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चर्च सेंटर आहे. तिथं संस्थांचे समांतर कार्यक्रम होतात आणि त्यांना मुख्यालयाचा पास लागत नाही.

सगळेच चांगले नसतात. बालविवाहावरच्या एका सत्रात पाच वक्ते बोलले, प्रश्नांना सात मिनिटं उरली, आणि व्यासपीठावर एकही मुलगी नव्हती. बीजिंगच्या आराखड्यात चिंतेचे १२ विषय आहेत, त्यातला बारावा 'मुलगी'. तिच्याबद्दल बोलायचं आणि तिलाच खुर्ची नाही, याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र एका लहान खोलीत, वीसेक बायकांत, मी आमच्या शाळेच्या हजेरीपटाची झेरॉक्स काढली. दिवाळीपर्यंत सगळे हजर. मग एकेका नावापुढे 'गै' सुरू होतो आणि गुढीपाडव्यापर्यंत पानच्या पान 'गै'. शेजारी मलावीची एक बाई होती, तंबाखूच्या मळ्यांवरच्या मुलांसोबत काम करणारी. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "आईबापांनी पैसे आधी घेतलेत का?" उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, टोळी नेणारा मुकादम, कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी, मुलगी सोबत नेली तर तिची काळजी आणि मागे ठेवली तर जास्त काळजी, म्हणून चौदाव्या वर्षी लग्न: सगळं सांगितलं. तिनं प्रत्येक ठिकाणी मान हलवली. मग त्यांच्या गावात पालक निघण्याआधी शाळेतच सभा घेऊन मुलं कुणाकडे राहणार ते कसं लिहून घेतात, ते तिनं कागदावर काढून दाखवलं. ऑक्टोबरात आम्ही तीन तांड्यांवर तशाच सभा घेतल्या.

तेवढ्या एका तासासाठीसुद्धा जा, असं मी सांगेन. इंग्रजी अडत असेल तर एखादी कॉलेजची मुलगी सोबत न्या.

राहण्याचं नीट पाहा. एजंटानं परिषदेजवळचं म्हणून दिलेलं हॉटेल नदीपलीकडे, न्यू जर्सीत निघालं. दोन दिवसांनी क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला खोली घेतली. तिथून ७ नंबरची गाडी थेट ग्रँड सेंट्रलला सोडते, पुढे पंधरा मिनिटं चालायचं. मार्चमध्ये वारं बोचतं, साडीखाली गरम पायजमा हवाच. निमंत्रणपत्र आलं की त्याच दिवशी व्हिसाचा अर्ज भरा. आणि हजेरीपट बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.