वृद्धाश्रमातल्या माजी सैनिकांसाठी जीवन प्रमाण, स्पर्श आणि ईसीएचएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुणे-सातारा-कोल्हापूर या पट्ट्यात फौजेत गेलेली माणसं घरोघरी आहेत. त्यामुळे इथल्या वृद्धाश्रमांत एखादे सुभेदार, एखादे हवालदार आणि दोन-तीन सैनिकांच्या विधवा असणं नेहमीचंच. १९७१ च्या लढाईत विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांची पेन्शन आणि औषधोपचार ज्या तीन सोयींवर चालतात (हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण, पेन्शनसाठी स्पर्श आणि उपचारांसाठी ईसीएचएस), त्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसातून वापरायला कशा आहेत, ते इथे मांडतो आहोत. तिन्ही कामाच्या आहेत, पण प्रवेशाच्या दिवशीच कागद पाहिले नाहीत तर तिन्ही अडतात.

सगळ्यात समाधान चेहरा ओळखून निघणाऱ्या हयातीच्या दाखल्याचं, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या दाखल्याचं. ही सोय २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. साधा अँड्रॉइड फोन, त्यात 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप्स, एवढंच लागतं. आधी ऑपरेटर म्हणून एका कर्मचाऱ्याने स्वतःचा आधार क्रमांक आणि चेहरा नोंदवायचा. मग त्याच फोनवरून कितीही जणांचे दाखले काढता येतात. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठशाच्या यंत्रावर जो तासभर जायचा तो आता जात नाही. बँकेच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत.

चेहरा घेतला जात नसेल तर पहिलं कारण उजेड. माणसाच्या मागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. खुर्ची साध्या भिंतीला टेकवून ठेवा आणि खिडकी समोर येऊ द्या. टोपी, मफलर काढा, चष्म्यावर चमक येत असेल तर चष्माही. ॲप पापणी मिटायला सांगतं, तिथे कमी ऐकू येणारे आजोबा डोळे ताणून बघत बसतात. त्यांच्यासमोर उभं राहून आपणच पापण्या मिटून दाखवल्या की तेही मिटतात. स्मृतिभ्रंश असेल तर हे काम सकाळच्या नाश्त्यानंतर करावं. संध्याकाळी अशा रुग्णांची घालमेल वाढते, तेव्हा फोन तोंडासमोर धरूच नये. एवढं करूनही जमलं नाही तर आधारवरचा फोटो फार जुना आहे का ते बघा, तो अद्ययावत केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देतो, हाही मार्ग आहे.

खरा घोटाळा मात्र चेहऱ्यापाशी होत नाही, तो फॉर्म भरताना होतो. सैन्याची पेन्शन आता बहुतेकांना बँकेऐवजी 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून मिळते, पण खातं बँकेत असल्यामुळे भरणारा सवयीने बँकेचं नाव निवडतो. दाखला निघतो, प्रमाण आयडीचा मेसेजही येतो, आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबते, कारण दाखला भलत्याच ठिकाणी गेलेला असतो. पेन्शन वाटणारी संस्था म्हणून 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)' हाच पर्याय निवडायचा. पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांकही जुन्या कागदावरचा तिरप्या रेघांचा चालत नाही, स्पर्शचा १२ अंकी लागतो. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (लष्करी ठिकाणांची राखण करणारं दल) किंवा सरकारी नोकरीत जाऊन दुसरी पेन्शन घेणारे बरेच आहेत. त्यांचे दाखलेही दोन, प्रत्येक पीपीओचा वेगळा. मोबाइल क्रमांकाच्या जागी वृद्धाश्रमाचा क्रमांक टाकू नका, मुलाचा किंवा त्या पेन्शनराचा टाका. आणि मेसेज आला म्हणजे काम झालं असं धरू नका. आठवड्याने स्पर्शच्या लॉगिनमध्ये दाखला स्वीकारल्याची नोंद दिसली की मगच फाइल मिटवायची. ८० ओलांडलेल्यांचे दाखले १ ऑक्टोबरपासून घेतात. त्यांचे आधी उरकले की नोव्हेंबरची गर्दी निम्मी होते.

स्पर्शबद्दल मत संमिश्र आहे. पेन्शनचा हिशेब, पीपीओ, तक्रार सगळं एका जागी दिसतं, हे फार मोठं काम झालं आहे. पण जुन्या सर्व्हिस रेकॉर्डमधली चूकही जशीच्या तशी तिथे उतरली आहे, आणि मराठी नावांचा तर तिथे फारच बोऱ्या वाजतो. रेकॉर्डला 'पाटील शंकर गणपत', आधारला 'शंकर गणपतराव पाटील'. बायकोचं त्याहून अवघड. लग्नात नाव बदललेलं असतं, फौजेच्या कागदावर माहेरचं नाव किंवा घरातलं हाकेचं नाव, आधारवर सासरचं. नवरा हयात असताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शन नेमकी तिथेच अडकते.

म्हणून प्रवेशाच्या वेळी डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून पती-पत्नी दोघांचीही नावं आणि जन्मतारखा अक्षरन् अक्षर पडताळा. फरक निघाला तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा, तिथले लोक कोणता कागद कमी आहे ते आधीच सांगतात. जन्मतारखेला पैशाचं मोल आहे: ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही हीच वाढ लागू आहे. पण तिची जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर वाढ आपोआप सुरू होत नाही, आणि अशा आजींना आपल्याला काही मिळायचं राहिलंय हे माहीतही नसतं. याचं फार वाईट वाटतं.

आता ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ पासून चालू असलेली ही योजना नसती तर निम्म्या कुटुंबांना गुडघा, हृदय, डायलिसिस परवडलं नसतं. नेहमीची औषधं पॉलिक्लिनिकमधून, पुढचे उपचार रेफरल घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात, तेही रोख न भरता. कार्ड ज्या पॉलिक्लिनिकशी जोडलेलं असतं ते बहुधा गावाकडचं असतं. माणूस कऱ्हाडचा आणि वृद्धाश्रम पुण्यात, तर पॉलिक्लिनिक बदलण्याचा ऑनलाइन अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

कच्चा दुवा आहे तो रात्रीच्या इमर्जन्सीचा. पॅनेलवर असलेलं प्रत्येक रुग्णालय सगळ्या आजारांसाठी पॅनेलवर नसतं. एखादं फक्त डोळ्यांसाठी असतं, आणि करार संपला की यादी बदलते. म्हणून हृदय, मेंदू, हाडं अशी विभागवार जवळच्या रुग्णालयांची यादी नर्सच्या टेबलावर लावा आणि दर महिन्याला पॉलिक्लिनिकमध्ये विचारून ताजी करा. इमर्जन्सीत रेफरलची वाट बघायची नाही, कार्ड घेऊन थेट दाखल करायचं. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावंच लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं आणि मूळ बिलं जपायची. परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो, वरची रक्कम कुटुंबाची. हे नातेवाइकांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं बरं. वृद्धाश्रमाची मासिक फी ईसीएचएस देत नाही, हेही.

कानाच्या मशीनसाठी ईएनटीची (कान-नाक-घसा डॉक्टरांची) शिफारस आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) लागतो, रकमेला मर्यादा आहे. तोफखान्यातल्यांना बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही अक्षरं निसटतात. ओरडून काही साधत नाही. समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोला. दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याकडची खोली बदलून द्या आणि फटाके वाजणार आहेत हे आधी सांगून ठेवा. हाक मारताना 'सुभेदार साहेब', 'हवालदार साहेब' असंच म्हणावं, 'आजोबा' म्हटल्यावर न उठणारे साहेब म्हटल्यावर औषध घ्यायला उठतात.

नवरा गेल्यावर मृत्यूची नोंद स्पर्शवर लगेच करावी. उशीर झाला की जास्तीची जमा झालेली पेन्शन वसूल होते आणि कुटुंब पेन्शनही लांबते. मृत्यूचा दाखला, पत्नीचं आधार, पॅन आणि बँक खातं हाताशी हवं. तिचं ईसीएचएस कार्डही नव्याने करावं लागतं, ते दुःखात राहून जातं आणि पुढच्या आजारपणात आठवतं. ज्यांना पेन्शनच नाही अशा, हवालदार पदापर्यंतच्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं विपन्नावस्था अनुदान मिळू शकतं. ते महिना ४,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो.