टार, आरसिंक की रेस्टिक? होस्टिंग सर्व्हरच्या बॅकअपसाठी काय निवडावं

तुमच्याकडे एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर वीस-पंचवीस क्लायंटच्या साइट, त्यांचे मेलबॉक्स आणि मायएसक्यूएल डेटाबेस आहे. पॅनेलमधला आयता बॅकअप आता पुरत नाही, म्हणून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) आत शिरून कमांड लाइनवरून स्वतःच सोय लावायची आहे. अशा वेळी तीन वाटा दिसतात: टारने गाठोडं बांधायचं, आरसिंकने दुसऱ्या मशीनवर प्रत ठेवायची, किंवा रेस्टिक, बोर्ग यांसारखं खास बॅकअपसाठी लिहिलेलं साधन घ्यायचं. या तिन्ही गोष्टी मी रोजच्या कामात वापरतो. तुलना करताना बहुतेक जण बॅकअप किती वेळात उरकतो ते बघतात. मी दुसऱ्या टोकाकडून बघतो: क्लायंटचा फोन आल्यावर त्याची फाइल किती वेळात परत देता येते?

असा एक फोन मला दिवाळीच्या तोंडावर आला होता. फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका दुकानाची साइट होती. जुने फोटो काढताना त्यांच्याकडच्या मुलाने अपलोडचा अख्खा फोल्डर उडवला होता, आणि ते लक्षात येईपर्यंत दोन दिवस उलटले होते. माझ्याकडे रोज रात्री २ वाजता चालणारी आरसिंकची प्रत होती आणि रविवारचा टार होता. आरसिंकला ‘--डिलीट’ लावलेलं, त्यामुळे मूळ जागी गेलेले फोटो पहिल्याच रात्री प्रतीतूनही गेले होते. राहिला रविवारचा टार, ४० जीबीची, जीझिपने आवळलेली (कॉम्प्रेस केलेली) एकच फाइल. जीझिपमध्ये मधेच उडी मारता येत नाही. एक फोल्डर हवा असला तरी पहिल्या बाइटपासून सगळं उलगडावं लागतं. शिवाय फोल्डर सापडला तरी टार थांबत नाही, कारण त्याच नावाची नवी नोंद पुढे असू शकते, म्हणून तो शेवटपर्यंत वाचतो. पाऊण तासाने फोटो आले. तोवर दुकानदार तीनदा फोन करून गेले होते, आणि दर वेळी ‘चालू आहे’ यापलीकडे मला काही सांगता आलं नाही.

दोन्ही साधनांचे दुखरे भाग मला त्या रात्री कळले. तरी टारला मी कमी लेखणार नाही. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला हा प्रोग्राम, नावातच ‘टेप’ आहे, आणि आजही कुठल्याही लिनक्सवर तो असतोच. दहा वर्षांनी ते गाठोडं सोडायची वेळ आली तरी वेगळं काही शोधावं लागणार नाही. मालक, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) सगळं एका फाइलमध्ये येतं. मेलबॉक्समध्ये लाखो बारीक फाइल असतात तिथे तर टार फार कामाचा. एकेका फाइलसाठी वाटाघाटी न करता तो सगळं एका धारेत वाहून नेतो. जीझिपऐवजी झेडस्टँडर्ड ही कॉम्प्रेशनची पद्धत वापरा, वेळेत मोठा फरक पडतो. जीएनयू टारच्या १.३१ आवृत्तीपासून ‘--झेडएसटीडी’ हा पर्याय थेट मिळतो. पण रोज पूर्ण गाठोडं म्हणजे रोज तेवढीच जागा लागते. आणि एसएसएचमधून टार पाठवताना मधेच कनेक्शन तुटलं तर पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. घरची वीज गेली, राउटर बंद पडला आणि तीन तासांचं काम वाया गेलं, हे ज्याने अनुभवलं तो टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडल्याशिवाय मोठी कमांड चालवत नाही.

आरसिंकचं बलस्थान नेमकं इथे आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तो आणला. नुसता चालवला तर तो प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतो. दोन्ही जुळलं तर फाइलला हात लावत नाही, नाही जुळलं तर नेटवर्कवरून बदललेले तुकडेच पाठवतो. काम तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्यायची, झालेल्या फाइल तो सोडून देतो.

पण हाताळताना सांभाळावं लागतं. स्रोताच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर फोल्डरच्या आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डर जातो. ‘--डिलीट’ सोबत असताना ही एक तिरकी रेघ चुकली तर पलीकडचा भरलेला फोल्डर रिकामा होऊ शकतो. म्हणून ‘--ड्राय-रन’ लावून काय पुसलं जाणार ती यादी आधी वाचा, मगच खरी कमांड द्या. मी आजही तसंच करतो. दुसरं, ‘-ए’ म्हणजे सगळं आलं असा समज आहे, तो चुकीचा आहे. हार्ड लिंकसाठी (त्याच फाइलचं दुसरं नाव) मोठा एच, एसीएलसाठी (परवानग्यांची जादा यादी) मोठा ए आणि विस्तारित गुणधर्मांसाठी मोठा एक्स वेगळा द्यावा लागतो. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या मशीनवर हे विसरलात तर रिस्टोर केलेली साइट ‘परवानगी नाही’ म्हणत बसते आणि फाइलच्या परवानग्या मात्र बरोबर दिसतात.

नुसती आरशासारखी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे फराळाच्या साइटने मला शिकवलं. साइटमध्ये मालवेअर शिरला तरी हेच होतं, बिघडलेली फाइल रात्री चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते. उपाय आरसिंकमध्येच आहे: ‘--लिंक-डेस्ट’. रोज तारखेचा नवा फोल्डर करायचा आणि तुलनेसाठी कालचा दाखवायचा. न बदललेल्या फाइलची हार्ड लिंक होते, बदललेली तेवढीच नव्याने उतरते. उघडून बघितलं तर प्रत्येक तारखेचा फोल्डर पूर्ण दिसतो, आणि परत देताना साध्या ‘सीपी’ने काम होतं. आता तसा फोन आला तर फोटो दोन-तीन मिनिटांत जागेवर जातात. मात्र त्या जुन्या फोल्डरमधली फाइल एडिटरने उघडून बदलू नका. तीच फाइल अनेक तारखांना जोडलेली असते, त्यामुळे सगळीकडे बदलू शकते. आणि रोजच्या फोल्डरांचे आयनोड (फाइल-फोल्डरच्या डिस्कवरच्या नोंदी, ज्यांची संख्या मर्यादित असते) साठत जातात, म्हणून ‘डीएफ -आय’वर नजर असू द्या.

रेस्टिक आणि बोर्ग फाइलचे आशयानुसार तुकडे पाडतात, एकसारखा तुकडा एकदाच ठेवतात आणि एन्क्रिप्ट करतात. पंचवीस वर्डप्रेस साइटच्या मूळ फाइल बहुतांशी सारख्याच असतात, त्यामुळे जागेची बचत मोठी होते. माउंट करून जुनी तारीख फोल्डरसारखी बघताही येते. दोघांत निवडायचं तर बॅकअप कुठे ठेवणार ते ठरवा. ॲमेझॉनच्या एस३सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरची भाड्याची साठवण) थेट पाठवायचा असेल तर रेस्टिक घ्या. दुसरीकडे एसएसएच असलेलं स्वतःचं मशीन असेल तर बोर्गही उत्तम. रेस्टिकची ०.१४ च्या आधीची आवृत्ती घेऊ नका, कॉम्प्रेशन ०.१४ मध्येच आलं.

साधन कुठलंही असो, चालू डेटाबेसच्या फाइल उचलू नका. प्रत काढेपर्यंत आतली पानं बदलत असतात आणि ती प्रत उघडेलच याचा भरवसा नसतो. इनोडीबी (मायएसक्यूएलची नेहमीची साठवण पद्धत) टेबलांसाठी ‘मायएसक्यूएलडंप’ला (डेटाबेस मजकुराच्या फाइलमध्ये उतरवणारी कमांड) ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ द्या, आणि तो डंप रेस्टिक किंवा आरसिंककडे जीझिप न करता द्या. आधी जीझिप केलं की आत एका ओळीचा बदल झाला तरी पुढचे बाइट वेगळे होतात, मग तुकड्यांची बचत संपली. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रत शक्यतो बॅकअपच्या मशीननेच ओढून घ्यावी. वेब सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याची किल्ली असेल तर वेब सर्व्हर फोडणाऱ्याकडेही ती जाते. प्रतीचं ठिकाणही दूर हवं. १० मार्च २०२१ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा साइटबरोबर बॅकअपही त्याच आवारात असलेल्या काही ग्राहकांचं दोन्ही गेलं.

तर माझा कौल असा. दोन-चार साइट आणि दहा जीबीच्या आतला डेटा असेल तर झेडस्टँडर्डचा टार, सात दिवसांच्या प्रती, बस्स. अनेक क्लायंट आहेत, वरचेवर एखादी फाइल परत द्यावी लागते आणि बॅकअपचं मशीन तुमच्याच ताब्यात आहे, तर ‘--लिंक-डेस्ट’वाला आरसिंक. माझ्या बहुतेक सर्व्हरवर तोच आहे. प्रत भाड्याच्या, परक्या जागेत ठेवायची असेल तर एन्क्रिप्शन हवंच, म्हणजे रेस्टिक.

सर्व्हर बदलायचा असेल तर मात्र टार आणि आरसिंक दोघांना जोडीने लावा. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० वर आणा, मोठा माल टारने एका धारेत हलवा. ठरलेल्या रात्री साइट थांबवून आरसिंकची शेवटची फेरी मारा, त्यात तेवढ्या दोन दिवसांतले बदल जातात. रेस्क्यू मोडमधून (सर्व्हर तात्पुरत्या सिस्टिमवर सुरू करायची सोय) रिस्टोर करताना टारला ‘--न्यूमेरिक-ओनर’ आणि आरसिंकला ‘--न्यूमेरिक-आयडीज’ द्या, नाहीतर मायएसक्यूएलच्या फाइल भलत्याच युजरच्या नावावर चढतात.

रेस्टिक घेणार असाल तर आणखी एक काम पहिल्याच दिवशी करा. रिपॉझिटरीचा (रेस्टिक बॅकअप साठवतो ती जागा) पासवर्ड हरवला की डेटा कायमचा गेला, तो काढून देणारं कुणी नाही. तोच पासवर्ड फक्त त्या सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये असेल तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. मी तो कागदावर लिहून पाकिटात घालतो आणि क्लायंटच्या हातात देतो, त्यांच्या जागेच्या कागदपत्रांसोबत ठेवायला.