ऑटिझमचं ‘इम्यून पॅनेल’: घ्यावं का?

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी पुण्यात ‘इम्यून पॅनेल’, ‘इन्फ्लमेशन प्रोफाइल’ अशा नावांची तपासण्यांची पॅकेजेस मिळतात; कोथरूड असो की हडपसर, रक्त घ्यायला माणूस घरी येतो. आत साधारण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातल्या सुजेची, म्हणजे इन्फ्लमेशनची खूण), आयएल-6 (रोगप्रतिकारक पेशींचं निरोप्या प्रथिन), फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), व्हिटॅमिन डी आणि खाद्यपदार्थांची आयजीजी (एक प्रकारची प्रतिपिंडं) यादी.

ज्या संशोधनाच्या जोरावर हे विकलं जातं, ते खोटं नाही. 2005 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने ऑटिझम असलेल्या 11 मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले. त्यांत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, सक्रिय झालेल्या दिसल्या. वाढत्या मेंदूतले जादा सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, छाटण्याचं कामही याच पेशींचं. पण ते सगळं मेंदूत आणि मेंदू-मणक्यातल्या द्रवात पाहिलेलं. हाताच्या शिरेतल्या रक्तातलं आयएल-6 मायक्रोग्लियाची खबर देत नाही. सर्दी किंवा ताप आला तरी ते चढतं.

त्यात नमुन्याची हेळसांड. रक्त तासन्‌तास तसंच राहिलं की ट्यूबमधल्या पेशीच सायटोकाइन, म्हणजे आयएल-6 सारखी प्रथिनं, सोडत राहतात. मे महिन्यात डबा स्कूटरवर सिंहगड रोडभर फिरून दुपारी लॅबला पोचला, तर आकडा मुलाचा की उन्हाचा? सिरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव, किती वेळात वेगळं करता, हे बुकिंगलाच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर आयएल-6 वगळा.

पॅकेजमधली खरी कामाची तपासणी फेरिटिन. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत लोह कमी पडतं, झोपही बिघडते. मात्र सूज असली की फेरिटिन फुगतं, म्हणून ते सीआरपीसोबतच वाचायचं. समजा चार वर्षांच्या मुलाचं फेरिटिन 24 आणि सीआरपी 14, म्हणजे चढलेलं. रिपोर्टवर 24 पुढे काहीच खूण नसते, ‘नॉर्मल’. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पाच वर्षांखालच्या मुलांत एरवी 12 ची मर्यादा, पण संसर्ग किंवा सूज असताना 30 ची. म्हणजे या मुलाला लोह कमी आहे. हे रिपोर्टवर कुणी लिहून देत नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं लागतं.

आयजीजी यादी सरळ नाकारा. आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोटात गेल्याची नोंद, ॲलर्जी नव्हे. रोज दूध-पोळी खाणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये दूध आणि गहूच लाल रंगात येणार. मुळात चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन तोडले, तर उरलं काय?

सीबीसी, सीआरपी, फेरिटिन, व्हिटॅमिन डी सुटे सांगा. सर्दी-ताप गेल्यावर दोन-तीन आठवडे थांबून घ्या. सुन्न करणारी क्रीम डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावून वर प्लास्टिक चिकटवा, आणि बटरफ्लाय सुई आणायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. धरपकडीत सिरिंजने जोरात ओढलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटतात, आणि मग तेच पोर दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागतं.