कासवाची अंडी: थर्माकोलचा डबा की कोंबडीचं मशीन?

टाकीतल्या लाल कानाच्या कासवाच्या (रेड-इअर्ड स्लायडर) मादीनं अंडी घातली, आता पुढं काय, असं विचारणाऱ्यांसाठी हे. मलप्रभेच्या काठी नाहीतर शेतात सापडलेल्या अंड्यांचा विषय वेगळा. आपल्याकडची कासवं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. तिथली अंडी उचलू नका, वनखात्याला कळवा.

खेड्यात कुणाकडं तरी कोंबडीची अंडी उबवायचं मशीन असतंच, म्हणून पहिला मोह त्याचा. पण ते चालतं 37.5 अंशांवर आणि या कासवाला लागतात 27 ते 31. शिवाय मशीन अंडी सारखी फिरवतं. कोंबडीच्या अंड्याला ते हवंच. कासवाचा गर्भ मात्र पहिल्या दिवसभरातच कवचाच्या आत वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं की तो दगावू शकतो. फिरवणी बंद होत असेल आणि तापमान खाली आणता येत असेल तरच मशीनकडं बघा.

माझं मत डब्याकडं. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोकाही चालतो, फक्त घासून धुवा. तळाशी चार बोटं पाणी, त्यात बुडवलेला माशांच्या टाकीचा हीटर, विटांवर अंड्यांचा डबा आणि डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज, कुंड्यांच्या मातीत घालतात ते). मुठीत दाबलं तर पाणी टपकता नये. अंडी जशी सापडली तशीच ठेवा, वर पेन्सिलीनं खूण करा. हीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका, थर्मामीटर अंड्यांशेजारीच हवा. झाकण जरा तिरकं ठेवलं की वाफेचे थेंब अंड्यांवर पडत नाहीत. लाइट गेली तरी पाणी ऊब धरून राहतं. खानापूरकडच्या पावसाळ्यात एवढं एक कारण पुरे, बघा की.

नर की मादी हे तापमानावर ठरतं: 27 अंशांच्या आसपास बहुतेक नर, 31 च्या आसपास माद्या. 29 धरलं तर दोन्ही. साधारण 60 ते 75 दिवस लागतात. कवच फोडल्यावरही पिल्लू दिवस-दोन दिवस आतच बसतं, पोटाचा बलक जिरवत. ओढून काढू नका.

आणि तिसरा पर्याय: उबवूच नका. ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात आणि परदेशी असल्यानं बेळगावच्या किल्ला तलावात किंवा राकसकोप धरणात सोडायची नाहीत. पिल्लं नको असतील तर घातल्याच दिवशी अंडी फ्रीजरमध्ये टाका. आमच्याकडं यंदा तेच केलं. तिसऱ्या टाकीला घरात जागाच नाही.